खार, कारखाना आणि कचेरी : पेण-रोह्याच्या धंद्यांचें स्थित्यंतर

अर्थशास्त्राचे पंडित राष्ट्राच्या सर्व उद्योगांचे तीन वर्ग करितात. जमीन, पाणी व रान ह्यांतून माल थेट काढणारी शेती, मासेमारी, गुरेंढोरें हा पहिला वर्ग. त्या मालावर हात किंवा यंत्र चालवून नवी वस्तु घडविणारे कारखाने हा दुसरा. वाहतूक, व्यापार, पेढ्या, शाळा, दवाखाने, कचेऱ्या हा तिसरा. ह्यास हल्लीं सेवाक्षेत्र म्हणतात. राष्ट्र संपन्न होत जातें तसतसे लोक पहिल्या वर्गांतून दुसऱ्यांत आणि दुसऱ्यांतून तिसऱ्यांत सरकत जातात, असा सिद्धांत कॉलिन क्लार्क ह्यानें १९४० सालीं आपल्या ग्रंथांत मांडला. त्याच्या अडीचशें वर्षें अगोदर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत विल्यम पेटी ह्या इंग्रज गृहस्थानें, शेतीपेक्षां कारागिरींत व कारागिरीपेक्षां व्यापारांत प्राप्ति अधिक, असें लिहून ठेविलें होतें.

हा विषय मुलांना शिकवितांना फळ्यावर जिना काढण्याचा मोह मास्तरास आवरत नाहीं. चित्र सोपें असतें. माणूस खालची पायरी सोडून वरच्या पायरीवर जातो, आणि सोडलेली पायरी जागच्या जागीं राहते. श्रोतेहो, रायगड जिल्ह्यांतील पेण व रोहा ह्या दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला तर ह्यांपैकीं एकही गोष्ट तेथें सरळपणें घडलेली दिसत नाहीं. माणसानें खालची पायरी पुरती सोडली नाहीं. आणि जेथें ती अर्धवट सोडली गेली, तेथें ती जागेवर राहिली नाहीं, समुद्रानें नेली. हें कसें झालें तें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

पेण हें गांव भोगावती नदीच्या कांठीं वसलेलें आहे, रोहा कुंडलिकेच्या. एकीकडे धरमतरची खाडी, दुसरीकडे रेवदंड्याची. ह्या खाड्यांच्या व त्यांच्या फांट्यांच्या कांठची जी सखल जमीन, तिला खारेपाट म्हणतात. ही जमीन मूळची समुद्राची. भरतीला ती पाण्याखालीं असे, ओहोटीला नुसता चिखल आणि कांदळाचीं झाडें. कित्येक पिढ्यांनीं मातीचे बांध घालून ती मिळविली. खाडीच्या अंगाचा थोरला बांध तो बाहेरकाठा. त्यांत ठिकठिकाणीं लांकडी झडपेची उघाडी बसविलेली असते. ओहोटीच्या वेळीं आंतलें पावसाचें पाणी तिच्यांतून बाहेर पडतें. भरती आली कीं खाडीच्या पाण्याच्या दाबानेंच झडप मिटते. यंत्रशास्त्राचा एक शब्दही न शिकलेल्या माणसांची ही योजना आहे, आणि ती पाहावयास कोणी परदेशाहून येत नाहीं हें आश्चर्य! बांध घातला म्हणजे लगेच पीक येतें असेंही नाहीं. कांहीं पावसाळे जाऊन जमिनीच्या अंगांतलें मीठ धुतलें जावें लागतें, मग तेथें खारें पाणी सोसणारें तांबडें भात पिकूं लागतें.

असा बांध एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतला नव्हे. ज्यानें पैसा व माणूसबळ उभें करून बांध घालावा त्यास शिलोत्रीदार म्हणत, आणि बांधाच्या देखभालीबद्दल त्याला कुळांकडून ठराविक भात मिळे. पुष्कळ ठिकाणीं शेतकरीच एकत्र येऊन बांधाची डागडुजी करीत. त्या सहकार्याचें नांव जोळ. उधाणाच्या भरतीनें बांधाला भगदाड पडलें तर त्यास खांड म्हणतात. खांड पडली अशी हांक आली कीं घरटीं माणूस पेंढा, काटक्या व चिखल घेऊन अंधारांत धांवत असे. आपलें शेत खांडीपासून दूर आहे म्हणून घरीं बसण्याची सोय नव्हती, कारण पाणी एकदां आंत आलें म्हणजे सर्वांच्याच शेतांत पसरणार. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याकडे परत यावयाचें आहे.

बांधाच्या एका अंगाला भात, तर खाडीच्या कडेला मीठ. मिठाचें आगर ह्या शब्दावरूनच आगरी हें नांव पडलें असें मानतात. पावसाळ्यांत भात लावणारा माणूस तें कापून झालें म्हणजे मिठागरांत उतरे आणि पुन्हां पाऊस लागेपर्यंत तेथें राबे. मीठ तयार झालें कीं मचव्यावर चढवावयाचें किंवा बैलाच्या पाठीवर लादावयाचें. भात पिकविणें हा पहिला वर्ग, मीठ पिकवून वाहणें हा दुसरा-तिसरा. म्हणजे ज्यास आपण आज तीन क्षेत्रें म्हणतों त्या तिहींत एकच कुटुंब वर्षभरांत फिरून येत असे. तें जिना चढत नव्हतें, ऋतूप्रमाणें अंगणांतून ओटीवर व ओटीवरून अंगणांत येत होतें.

व्यापाराची बाजूही लहान नव्हती. पेणजवळच्या अंतोरें बंदरांतून मुंबईशीं दळणवळण चाले, आणि बोरघाटानें मीठ व तांदूळ देशावर चढे. ह्या घाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. त्यापूर्वींही वंजाऱ्यांचे तांडे तेथून ये-जा करीतच होते. रोह्याचा बाजार तांदुळाचा. कुंडलिकेच्या खाडींतून तो मुंबईस जाई. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली आणि घाटावरचा माल हळूहळू कल्याण-कर्जतच्या वाटेनें डब्यांत बसून मुंबईस जाऊं लागला. पेण त्या वाटेवर नव्हतें. येथील लोकांच्या हातून जी गोष्ट आधीं निसटली ती शेती नव्हे, वाहतूक होय. क्लार्कसाहेबांच्या जिन्याची वरची पायरी येथें सर्वांत अगोदर मोडली.

ह्याच सुमारास मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या. पहिली गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढील सवाशें वर्षें कोंकणांतल्या घराचा हिशेब मुंबईच्या मनिऑर्डरीशिवाय पुरा होत नसे. परंतु गिरणींत गेलेला माणूस शेत सोडून गेला असें कोणी मानीत नव्हतें. बायको व आईबाप शेतावर, तो शिमग्याला व गणपतीला हजर, आणि म्हातारपणीं कायमचा परत. १९८२ सालच्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. तेव्हां पुष्कळांना ह्या परतीच्या वाटेनेंच यावें लागलें. इंग्लंडांतील कामगाराला अशी वाट उरली नव्हती, म्हणून तेथील जिना एकाच दिशेचा झाला असावा.

रोह्याच्या अंगाला आणखी एक गोष्ट घडली. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं भिरा येथें पाडून टाटांच्या कंपनीनें वीज काढली. तें विजघर १९२७ सालीं सुरू झालें. धरणाखालीं जमिनी गेल्या त्या मावळांतील शेतकऱ्यांच्या, ज्यांच्यासाठीं सेनापति बापट ह्यांनीं सत्याग्रह केला. वीज गेली मुंबईस. पाणी मात्र कुंडलिकेंत उतरलें, आणि नदीला उन्हाळ्यांतही धार राहूं लागली. त्या पाण्यावर पुढें रोह्याकडे कालव्याची शेती झाली व कारखानेही आले. एका जिल्ह्यांतील शेत बुडालें, त्यामुळें दुसऱ्या जिल्ह्यांत गिरणीचा चाक फिरला, व तिसरीकडे पुन्हां शेत भिजलें. असा गुंता कोणत्याही कोष्टकांत बसविणें कठीण आहे.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न मोठा आहे, पण येथें तो ओझरताच घेतों. पेणच्या शेजारीं अलिबाग तालुक्यांत चरी गांवच्या परिसरांतील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप केला. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोतीविरुद्ध विधेयक आणलें. १९३९ व १९४८ चे कुळकायदे, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, ह्यांनीं कसणारा मालक झाला. फार न्याय्य गोष्ट झाली, ह्याबद्दल माझ्या मनांत शंका नाहीं. मात्र मालकी आली त्या वेळींच शेतीचें राष्ट्राच्या उत्पन्नांतलें वजन कमी होऊं लागलेलें होतें.

हें वजन मोजण्याचें काम स्वतंत्र भारतानें लवकरच हातीं घेतलें. १९४९ सालीं राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमण्यांत आली. महालनोबिस अध्यक्ष, आणि आपले धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद. समितीचें काम चालू असतां अर्थमंत्रिपदावर चिंतामणराव देशमुख होते. त्यांचें रोह्याशीं नातें सर्वांस ठाऊक आहे. १९५२ सालीं ते ह्याच कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. (कुलाबा जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ पासूनचें.)

आतां थोडें अंकगणित. श्रोत्यांनीं कंटाळूं नये, तिसरी-चौथीच्या पलीकडचें तें नाहीं. १९५१ च्या सुमारास देशांतील १०० कामकऱ्यांपैकीं सुमारें ७० शेतीवर होते आणि देशाच्या उत्पन्नाचा सुमारें निम्मा भाग शेतीचा होता. उत्पन्न १०० रुपये धरलें तर ५० रुपये ७० माणसांत, म्हणजे दरडोई ७१ पैसे; उरलेले ५० रुपये ३० माणसांत, म्हणजे दरडोई १ रुपया ६७ पैसे. अंतर सव्वादोन पटींहून किंचित् अधिक. आतां अलीकडचे आंकडे घ्या. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीप्रमाणें १०० पैकीं सुमारें ४६ माणसें अजून शेतीवर आहेत, आणि उत्पन्नांत शेतीचा वांटा सुमारें १८ रुपयांचा. शेतीवरील माणसाच्या वांट्यास आले ३९ पैसे, इतरांच्या १ रुपया ५२ पैसे. अंतर जवळजवळ चौपट झालें.

ह्याचा अर्थ शेतकरी पूर्वींपेक्षां गरीब झाला असा नव्हे. एकंदर उत्पन्नच अनेक पटींनीं वाढलें आहे. अर्थ इतकाच कीं, रुपया ज्या वेगानें शेतांतून उठून गेला त्या वेगानें माणूस उठला नाहीं. उलट कोविडच्या सांथींत माणसें शेताकडे परत आलीं. २०१८-१९ सालीं १०० त ४२-४३ असलेलें शेतीवरील प्रमाण दोन वर्षांत ४६ च्या वर गेलें. आणि रुपया गेला तोही बहुतांशी कारखान्यांत न थांबतां थेट तिसऱ्या वर्गांत. देशाचें निम्म्याहून अधिक उत्पन्न आज तेथें आहे. मधली पायरी आपल्याकडे अरुंदच राहिली.

ती अरुंद कां राहिली हें पाहावयास पेण-रोह्यासारखी जागा नाहीं, कारण येथें कारखान्यांची वाण नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि १९७० नंतरच्या दशकांत रोह्याशेजारीं धाटाव येथें रसायनांची वसाहत उभी राहिली. रोहा तालुक्यांतच नागोठण्याजवळ १९९० च्या सुमारास वायूपासून रसायनें व प्लास्टिकचा कच्चा माल काढण्याचा सरकारी कारखाना सुरू झाला, जो पुढें खासगी झाला. पेण तालुक्यांत डोलवी येथें पोलादाचा कारखाना निघाला. त्याची आजची क्षमता वर्षाला एक कोटी टनांच्या घरांत आहे. रेल्वे १९८६ सालीं रोह्यापर्यंत पोंचली आणि तेथून पुढें कोंकण रेल्वे १९९८ सालीं मंगळूरपर्यंत धांवूं लागली. जमीन, पाणी, रस्ता, रूळ, सर्व कांहीं आलें. परंतु हे कारखाने माणसांच्या हातांवर चालणारे नव्हेत, नळ्या आणि भट्ट्यांवर चालणारे आहेत. गिरणींत एकेका खात्यांत शेंकडों माणसें लागत, तेथें आतां एका पाळीला मोजकीं माणसें पुरतात. शिवाय फाटकावरचा पहारेकरी, मालमोटारीचा चालक, उपाहारगृहांतला वाढपी हे ठेकेदाराचे नोकर असल्यामुळें हिशेबांत ते सेवाक्षेत्रांत पडतात. कारखान्याच्या धुरांत उभा असलेला माणूस कागदावर कारखान्यांत नसतोच! त्या धुराबद्दल व नदीबद्दल एवढेंच सांगतों कीं, देशांतील दूषित नद्यांची जी यादी केंद्रीय मंडळ करतें, तींत कुंडलिकेचें नांव आलेलें आहे.

शाळेच्या दाखलबुकांत ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. नोकरीच्या काळांत तो मीं हजारों वेळां भरला. पेणच्या बाजूस असतां प्रथम ओळीमागून ओळ ‘शेती’ अशी येई. रोह्यास असतां ‘कंपनी’ हा शब्द दिसूं लागला. शेवटच्या वर्षांत काय लिहावें हेंच कळेना. खारेपाटांतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, बाबा पावसांत शेतावर, एरवी कंपनीच्या गाडीवर, आणि आषाढ-श्रावणांत कारखान्यांत रंगकामाला.” रकाना एका ओळीचा. मीं ‘शेती’ असें लिहिलें, कारण सातबारा बापाच्या नांवावर होता. देशाचे आंकडे ज्या हजारों रकान्यांतून जमतात त्यांतले पुष्कळसे असेच भरलेले असणार.

त्या मुलानें म्हटलेला कारखाना म्हणजे गणपतीचा. रोह्यास कंपनी म्हटलें कीं रसायनांची, तसा पेणला कारखाना म्हटला कीं तो मूर्तींचा. शहरांत व हमरापूर, जोहें, तांबडशेत, कळवें ह्या गांवांत घरोघर हा उद्योग चालतो. पूर्वीं शाडूची माती, पुढें प्लास्टर. सांचा, घासकाम, रंग, आणि सर्वांत शेवटीं कसबी हातानें डोळ्यांची आखणी. मूर्ति मुंबई-पुण्यास जातात, समुद्रापलीकडेही जातात. ह्याच्या जोडीला पेणचे पोहे व पापड. पापड लाटणाऱ्या बाईस खानेसुमारीचा माणूस विचारतो, “आपण काय करितां?” ती उत्तर देते, “घरींच असतें.” झालें, तिचा उद्योग राष्ट्रीय उत्पन्नांत शिरतां शिरतां उंबऱ्यावर अडला! येथील मधली पायरी जी थोडीफार रुंद आहे ती ह्या अशा, मोठ्या भांडवलावांचून चालणाऱ्या कामांनीं, असें माझें मत आहे. प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदीचा वाद २०२० नंतर सुरू झाला तेव्हां, प्रश्न केवळ धर्माचा व पाण्याचा नसून इतक्या हातांचा आहे, हें पेणला कोणाला सांगावें लागलें नाहीं.

मिठागरें मात्र गेलीं. गुजराथेंत पाऊस कमी, हंगाम लांब, आगरें अफाट. देशांतलें बहुतेक मीठ आज तिकडून येतें. त्या भावापुढें आपल्या खाडीकांठच्या मिठाचा टिकाव लागेना.

पाणीही गेलें. पेण तालुक्यांतील हेटवणें धरणावर खारेपाटाची आशा होती. त्याचें पाणी नव्या मुंबईच्या नळांस मोठ्या प्रमाणावर मिळतें, आणि वाशी-शिर्कीकडील गांवांना उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते. जमिनीचीही मागणी आली. २००५ नंतर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील जमिनी घेण्याचें ठरलें. शेतकऱ्यांचा विरोध इतका तीव्र झाला कीं, २१ सप्टेंबर २००८ रोजीं हेटवण्याच्या लाभक्षेत्रांतील पेण तालुक्याच्या २२ गांवांत सरकारनें जनमत घेतलें. शेतकऱ्यानें कोणत्या वर्गांत राहावें हें त्यालाच विचारण्याचा असा प्रसंग आपल्या देशांत विरळाच. फार मोठ्या बहुमतानें लोकांनीं जमीन देण्यास नकार दिला. निकाल सरकारनें रीतसर जाहीर केला नाहीं. तथापि पुढें तें संपादन बारगळलें. मतदानाला गेलेल्यांत कंपनींत कामास जाणारे होते, रिक्षा चालविणारे होते, मूर्ति रंगविणारे होते. शेतीवर त्यांचें पोट पूर्णपणें चालत नव्हतें, तरी शेत हातचें जाऊं द्यावयास ते तयार नव्हते. हा हट्ट नव्हे, गणित आहे. कंपनी बंद पडूं शकते, ठेकेदार बदलूं शकतो. गिरण्यांचें काय झालें तें त्यांनीं पाहिलें होतें. २०२४ सालीं पुन्हां ह्याच तीन तालुक्यांतील १२४ गांवांत नवें नगर वसविण्याचें सरकारनें ठरविलें, आणि पुन्हां हरकतींचे अर्ज भरले गेले.

आतां त्या बांधाकडे येऊं. १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा झाला व १९७९ सालीं त्याच्या जागीं दुसरा आला. बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. हेतु चांगला होता. परंतु बांध सरकारचा झाला, आणि माणूस कंपनीचा. रात्रपाळीस गेलेला तरुण खांडीवर धांवूं शकत नाहीं, आणि ठेकेदाराचें टेंडर उधाणाच्या तिथीला निघत नाहीं. जोळ मोडली ती कोणी मोडली म्हणून नव्हे, तर घरटीं माणूस उरला नाहीं म्हणून. खाडींतून चालणाऱ्या मोठाल्या बार्जांच्या लाटांनीं बांध झिजतात, अशीही गांवकऱ्यांची तक्रार आहे. खांड पडली व वेळेवर बुजविली नाहीं तर पुढच्या भरतीला ती रुंदावते. शेंकडों एकर भात खाऱ्या पाण्याखालीं जातें. डोंगराकडची जमीन चार वर्षें पडीक ठेविली तर पांचव्या वर्षीं नांगरतां येते. येथें तसें नाहीं. दोनतीन वर्षांत कांदळाचीं रोपें धरतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडण्यास मनाई आहे. समुद्राला आवरणारीं तीं झाडें राखलीं पाहिजेत ह्यांत वाद नाहीं. पण ज्याच्या आजानें तेथें भात पिकविलें होतें त्याला तें रान तोडून पुन्हां बांध घालतां येत नाहीं.

कांहीं ठिकाणीं लोकांनीं वाट काढली आहे. घराशेजारच्या तळ्यांत जिताडा हा मासा पाळण्याची खारेपाटांत जुनी रीत आहे. तीच वाढवून ते पाण्याखालच्या शेतांत मासे सोडतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें खारें पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, त्या कोणी लावतात. आणि एखाद्या गांवांत अजूनही, मार्गशीर्षांतलें मोठें उधाण येण्याच्या आंत, सुट्टीच्या वारीं कंपनींतलीं मुलें टोपल्या घेऊन बाहेरकाठ्यावर जमतात, आणि पेंढा व चिखल हातोहात पुढें जातो.